काढलेला पार्ट

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला जन्मभर एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, "मिस्त्री, किती वाजले?" मनगट मोकळं असलेल्या माणसानं विचारलं तर माझी काही तक्रार नाही. पण मनगटावर सोनेरी फॉरेनचं घड्याळ, ते दिसावं म्हणून शर्टाची बाही कोपरापर्यंत सारलेली, आणि असा माणूस माझ्या टेबलापुढं उभा राहून मला वेळ विचारायचा, तेव्हा माझं डोकं फिरायचं.

"तुमच्या हातात काय आहे मग?"

"ही व्हय? ही बंद हाय."

"द्या इकडं, बघतो."

"राहू द्या मिस्त्री. चालू केली की झिजते. नुसती वरून चकाकवून द्या."

झिजते म्हणे! तिकडं स्वित्झर्लंडात कुणा कारागिरानं डोळे फोडून एकेक चाक बसवलं, ते सेनगावच्या बाजारात मिरवायला. चाळीस वर्षं मी हा धंदा केला. घड्याळांनी मला फारसा त्रास दिला नाही. घालणाऱ्यांनी दिला, आणि न घालणाऱ्यांनी त्याहून जास्त.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. बाजारात एका कापड दुकानाच्या ओट्यावर माझी जागा. एक टेबल, त्यावर काचेची पेटी, एक स्टूल आणि डोळ्याला लावायचं भिंग, एवढाच पसारा. धंदा नांदेडला एका उस्तादांकडं शिकलो. पहिले सहा महिने त्यांनी मला घड्याळाला हात लावू दिला नाही. चिमट्यानं मोहरीचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावले. हाताचा कंप आधी मेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कंप मेला, स्वभाव मात्र सुधारला नाही. मिस्त्रीचा हात थंड आणि तोंड गरम, असं गिऱ्हाइकं माझ्या माघारी म्हणायची. तोंडावरही म्हणायची.

सत्तर सालानंतर आमच्याकडं फॉरेनच्या घड्याळाचं जे वेड आलं ते पिक्चरनं आणलं. पिक्चरमधला हिरो बिचारा गरीब असायचा, त्याच्या मनगटावर काही नसायचं. सोनेरी घड्याळ असायचं ते स्मगलरच्या हातात. तो खिडकीशी उभा राहून घड्याळाकडं बघायचा आणि थिएटरातले निम्मे लोक त्याच्या मनगटाकडं. शेवटी तो मार खायचा, पोलीस त्याला धरून न्यायचे, पण तोवर आमच्या पब्लिकनं घड्याळ पाहून ठेवलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी माझ्यापुढं हजर.

"मिस्त्री, त्या बदमाशाच्या हातात व्हती तशी घडी मिळंल का?"

"कोणत्या कंपनीची?"

"नाव न्हाई वाचलं. पर पिवळी व्हती, आन् चावी द्यावी लागत न्हाई म्हणतेत."

हिरोसारखं घड्याळ कुणी मागितलं नाही. हिरोला घड्याळच नव्हतं, मागणार काय!

तिथून हे वेड लग्नात शिरलं. सायकल आणि रेडिओ आधीच शिरले होते. आता नवरदेव मांडवात रुसून बसू लागला तो घड्याळासाठी. लग्नानंतर स्टुडिओत फोटो काढताना फोटोग्राफर नवरदेवाचा डावा हात छातीवर असा धरून ठेवायचा की हात मोडलाय की काय असं वाटावं. ज्याच्याकडं घड्याळ नसेल त्याच्यासाठी स्टुडिओनं एक सोनेरी घड्याळ ठेवलं होतं. त्यातलं मशीन मीच काढून घेतलं होतं. काटे पावणेआठवर चिकटलेले. आमच्या भागातली निम्मी लग्नं फोटोत पावणेआठला लागलेली आहेत.

माझं स्वतःचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. तरी सासऱ्यांनी हळूच विचारलं, जावईबापू, घड्याळ पाहिजे का? मी म्हणालो, मामा, दुकानात तीस पडलीत, त्यातली वीस तुम्हीच न्या.

दसऱ्याचं तर विचारू नका. हत्यारांची पूजा करतात, अवजारांची करतात, तशी लोक घड्याळाचीही करू लागले. हळद, कुंकू, अक्षता, वरून पाण्याचा शिंतोडा. ते कुंकू चावीच्या फटीतून आत जायचं. दसऱ्यानंतर पंधरा दिवस मी घड्याळ उघडलं की आतून लाल. एकदा एका घड्याळातून तांदळाची कणी निघाली. मालकाला दाखवली तर त्यानं ती कपाळाला लावली.

आता ज्या घड्याळामुळं हे सगळं लिहायला बसलो त्याच्याकडं येतो. पण आधी दोन ओळीत धंद्याचं सांगितलं पाहिजे. साध्या घड्याळाला रोज चावी देतात. चावीनं आतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती उलगडताना चाकं फिरतात. ऑटोमॅटिक घड्याळात चावी देण्याचं काम हात करतो. आत अर्ध्या भाकरीच्या आकाराचा एक जड तुकडा असतो. हात हलला की तो फिरतो आणि स्प्रिंग गुंडाळतो. घड्याळ हातातून काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत थांबतं. पुन्हा हातात घातलं की चालतं. बिघाड वगैरे काही नसतो. एवढीच गोष्ट आहे, आणि एवढी गोष्ट समजावून सांगताना माझे केस पांढरे झाले.

डोंगरकड्याच्या शाळेत दिगंबर गुरुजी होते. किडकिडीत, पांढरी टोपी, आवाज मात्र तीन वर्गांना पुरेल असा. नोकरीभर त्यांच्याकडं घड्याळ नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यातल्या तिसऱ्या खांबाची सावली पाहून ते घंटा द्यायला सांगायचे. त्यांनी घरी ठेवून शिकवलेला एक मुलगा फिटर होऊन कुवेतला गेला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा त्यानं गुरुजींच्या हातात सोनेरी ऑटोमॅटिक घड्याळ बांधलं. गुरुजी पट्ट्याला एक भोक जास्त पाडून घ्यायला माझ्याकडं आले, कारण मनगट बारीक. मी झाकण उघडून मशीन पाहिलं आणि भिंग काढून पुन्हा नुसत्या डोळ्यानं पाहिलं. असली स्विस माल. तेवढं चांगलं मशीन माझ्या टेबलावर त्याआधी आलं नव्हतं.

"पोरानं मला वेळ दिली मिस्त्री," गुरुजी म्हणाले, आणि लाजले.

नंतर ते बाजारात दिसायचे तेव्हा दर थोड्या वेळानं मनगट वर करून वेळ पाहायचे. स्वतः पाहायचे, मला विचारायचे नाहीत. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

वर्षभरात त्यांच्या कुसुमचं लग्न पुसेगावच्या बापूरावांच्या विलासशी ठरलं. मोठं शेतकरी घर. लग्नाला मी होतो. अक्षता पडायच्या आधी विलास रुसला. त्याला फॉरेनची, पिवळी, चावी न लागणारी घडी पाहिजे होती. मांडवात कुजबुज सुरू झाली. बापूराव आकाशाकडं बघत उभे. गुरुजी पुढं झाले, हातातलं घड्याळ सोडलं आणि जावयाच्या मनगटावर बांधलं. विलासचं मनगट जाड, पट्टा शेवटच्या भोकावर न्यावा लागला. गुरुजींच्या मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ राहिला होता, तेवढा मला दिसला. जेवायला मी थांबलो नाही.

दसरा झाल्यावर बापूराव आणि विलास माझ्या ओट्यावर. बापूरावांनी रुमाल सोडला, रुमालातून डबी, डबीतून घड्याळ. डांबरगोळीचा वास नाकात गेला.

"मिस्त्री, ही घडी मेली."

मी हातात घेऊन दोनदा हलवलं. सेकंदकाटा पळायला लागला.

"विलासराव, रोज घालता का?"

विलासनं तोंड उघडायच्या आत बापूराव म्हणाले, "घालंल काहून? शेतात चिखल, शेण, धसकटं. लगीन झालं, फोटू निघाला, ट्रंकेत ठिवली. दसऱ्याला पूजा केली. बराबर सांभाळली."

मी अर्ध्या भाकरीपासून सगळं सांगितलं. झाकण उघडून तो तुकडा फिरताना दाखवला. हातात घाला, बंद पडणार नाही, नाही घातलं तर पडणार, असं तीन वेळा बोललो.

"म्हंजी हात हलवत हिंडायचं? ही चीज हाय, बैलाच्या गळ्यातली घंटी न्हाई."

"बापूराव, ती हातात घालायलाच बनवली आहे."

"गुरुजीनं तुमाला पढवून ठिवलेलं दिसून राहिलं," ते म्हणाले आणि घड्याळ परत रुमालात बांधलं.

पाचव्या दिवशी पुन्हा आले. "तुमच्याजवळ चालते, आमच्या घरात मरते. म्हंजी खोटी." मी कपाळाला हात लावला. मी काही बोललो असेन, ते छापण्यासारखं नाही. ते रागानं उठून गेले.

त्याच आठवड्यात गुरुजी आले. स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सासरच्यांनी कुसुमला माघारी धाडून दिलं मिस्त्री. बापानं खोटी घडी दिली, असली येईस्तोर पोरगी तिकडंच राहू द्या, असा निरोप हाय. पोरगी काई बोलत न्हाई. गाव बोलून राहिलं." मग त्यांनी विचारलं, "मला खरं सांगा. त्या पोरानं मला फसवलं का?"

"गुरुजी, घड्याळ शंभर टक्के असली आहे. काडीचा बिघाड नाही."

"मग तसं कागदावर लिहून द्या. तुमची सही टाका. मी बापूरावाला दाखवतो."

मी नाही लिहून दिलं. कागदानं तो माणूस ऐकणार नाही, उलट म्हणेल मास्तरनं लिहवून घेतला, असं मला वाटलं. ते खरंही असेल. पण त्याहून खरं हे की मी वैतागलो होतो, आणि माझ्या डोक्यात एक हुशारी आली होती. मी म्हणालो, "कागद राहू द्या गुरुजी. मी बघतो. आठ दिवसांत पोरगी सासरी जाईल."

हुशारी अशी. समजावून सांगितलेलं आमच्या गिऱ्हाइकाला पटत नाही, दुरुस्ती मात्र लगेच पटते. मी पुसेगावला निरोप धाडला की माझी चूक झाली, आत बारीक दोष सापडण्यासारखा आहे, घड्याळ आणून द्या. बापूराव दुसऱ्याच दिवशी हजर. चेहरा उजळलेला. "आता कसं बोललात मिस्त्री!"

आठ दिवस ते घड्याळ मी माझ्या हातात घातलं. फटीतलं कुंकू काडीनं काढलं, दुसरं काही करायचं नव्हतंच. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. त्या आठ दिवसांत मीही बाही जरा वर सारली असेल.

आता आमच्या धंद्यातली एक रीत. दुरुस्ती झाली की गिऱ्हाईक म्हणतं, "काढलेला पार्ट दाखवा." जुना पार्ट पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कागदाच्या पुडीत बांधून तो घरीही नेतात. तेव्हा मी भंगाराच्या डबीतून एका जुन्या घड्याळाचं दाता तुटलेलं चाक घेतलं आणि पुडी बांधली.

घड्याळ नीट झाल्याचा निरोप मी धाडला होताच. ठरल्या दिवशी बापूराव आणि विलास डोंगरकड्याहून कुसुमला घेऊन हिंगोलीला उतरले, पुसेगावची गाडी धरायला. बापूरावांनी पुडी उघडून चाक उन्हात धरलं, विलासला दाखवलं, कापड दुकानदाराला दाखवलं. "पाहा, हे तुटलेलं निघालं. मी पहिल्या दिवसापासून काय म्हणून राहिलो व्हतो?" पुडी त्यांनी आतल्या खिशात जपून ठेवली. मग बापलेक गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेले. कुसुम ओट्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी होती. सोळा-सतरा वर्षांची असेल.

मी घाईघाईनं बोललो. "पोरी, नीट ऐक. घड्याळ तसं चांगलंच आहे. ट्रंकेत राहिलं की पुन्हा थांबेल आणि पुन्हा बोल तुझ्या बापाला. रोज दोन तास तरी हातात घालून काम करत जा. पाणी शेंदताना, ताक घुसळताना, केव्हाही. कुणाला सांगू नको."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मग ते चाक?"

"ते सोड."

"बाबांना सांगितलं का हे?"

"सांगतो मी."

तेवढ्यात विलास परत आला. ती "व्हय" म्हणाली आणि पदर सावरून निघाली.

बापूराव पुन्हा कधी तक्रार घेऊन आले नाहीत. घड्याळ चालत राहिलं. माझी छाती फुगली. दोन-चार जवळच्या लोकांना मी हा किस्सा रंगवून सांगितलासुद्धा. पण ती पुडी घरी नेलेली होती हे मी विसरलो होतो. बापूरावांनी ती देवळात दाखवली, लग्नांत दाखवली, सोयऱ्याधायऱ्यांत फिरवली. मास्तरनं तुटकी घडी दिली, आमी नीट करून घेतली. वसमतकडच्या हट्टा गावचं एक गिऱ्हाईक मला म्हणालं, मिस्त्री, तुमच्या पुडीचं लई नाव झालंय. तेव्हा कुठं मला ती आठवली. म्हणजे मी पोरीला सासरी पोचवलं खरं, पण गुरुजींना माझ्याच सहीनं खोटं ठरवलं होतं. कागदावर नसेना का, त्या चाकावर माझीच सही होती.

जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण जत्रा आली, लग्नसराई आली, नंतर दसऱ्याची कुंकवाची घड्याळं आली. मग आता कशाला जुनं उकरायचं, असं वाटू लागलं. गुरुजी एकदोनदा बाजारात दिसले. मला पाहून त्यांनी रस्त्याची दुसरी बाजू धरली. राग असता तर बरं झालं असतं. पण मला ती त्यांची शरम वाटली. मी दया करून त्यांना खोटा धीर दिला आणि घड्याळ खरोखर तुटकं निघालं, असंच ते समजले असणार. मी हाक मारायला हवी होती. भिंग डोळ्याला लावून खाली मान घातली.

पुढं गुरुजी गेल्याचं मला कळलं तेही तेरावा होऊन गेल्यावर.

त्यानंतर काही वर्षांनी, दुपारची गोष्ट, एक बाई टेबलापुढं येऊन उभी राहिली. वयानं पोक्त, कपाळाला मोठं कुंकू, हातात बांगड्या आणि बांगड्यांच्या मागं पुरुषी सोनेरी घड्याळ. घड्याळ मी आधी ओळखलं, बाईला नंतर.

"काका, पट्टा तुटून राहिला. नवा टाका."

मी पट्टा सोडवला आणि भिंगाखाली धरला. शेवटच्या भोकावर, विलासच्या भोकावर, जेमतेम खूण होती. गुरुजींसाठी मी पाडलेल्या भोकाच्या पुढं आणखी एक भोक होतं, सुईनं कोरून काढलेलं, वेडंवाकडं. तिथं पट्टा इतका दुमडला होता की तिथंच फाटला होता.

"रोज घातलीस?"

"रोज. तिकडचे लोक मळ्यात गेले की काढायची, सांजच्याला ट्रंकेत ठिवायची. मामंजी गेले तवापासून उघड घालते. यांना बॅटरीची आवडते." मग तिनं पिशवीतून एक मळकी पुडी काढून टेबलावर ठेवली. "हे तुमचं हाय. मामंजीच्या पेटीत सापडलं."

मी पुडी उघडली नाही.

"काका, बाबांना सांगितलं व्हतं ना तुमी?"

मी मान हलवली. "नाही सांगितलं पोरी."

ती म्हणाली, "मीबी न्हाई सांगितलं. माहेरी आले की तोंडावर यायचं, पर वाटायचं तुमी सांगितलं असंल, आन् बाबा आपणहून बोलत न्हाईत. कुवेतच्या पोराची पत्रं यायची. बाबांनी शेवटपर्यंत एकबी फोडलं न्हाई. तशीच ठिवलेली सापडली, गठ्ठा बांधून."

मी टेबलाचा खण ओढला, बिलबुक काढलं आणि गुरुजींनी मागितला होता तो कागद लिहिला. घड्याळ असली आहे, त्यात कधीही बिघाड नव्हता, काढलेला पार्ट दुसऱ्या घड्याळाचा आहे. खाली सही केली. तिनं कागद सावकाश वाचला, बोट ठेवून, शाळेत वाचतात तसा.

"कुणाला दाखवशील?" मी विचारलं.

"त्या कुवेतवाल्याला धाडते. आता त्योच राहिला."

नवा पट्टा मी तिच्या मनगटाच्या मापानं टाकला, भोकही नीट पाडून दिलं. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो तेवढ्यात तिनं बांगड्या मागं सारल्या, मनगट वर केलं आणि घड्याळाकडं पाहिलं.

"तीनला दहा कमी हायत. माझी गाडी लागली असंल," ती म्हणाली आणि चालायला लागली.

फॉरेनचं घड्याळ घालून स्वतः वेळ पाहणारी दोनच माणसं मी उभ्या धंद्यात पाहिली, आणि ती बापलेक निघाली. पुडी अजून माझ्या खणात आहे. हिंगोलीहून डोंगरकड्याला एसटी तेव्हाही दिवसभर होती, आणि रस्ता तासा-दीड तासाचाच होता.